बंदूक वाजलीच पाहिजे, हा हट्ट कुणाचा?

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या उंब्रज भागात जुन्या वाड्याची वाटणी निघाली की माडीवर, कणगीमागे नाहीतर देवघराच्या वरच्या फळीवर कधीमधी एखादी मोडकी बंदूक सापडते. ती खाली उतरवून पोत्यावर ठेवेपर्यंत घरात दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, "काय दणकट माल आहे बघा आबा! थोडकं काम आहे, करून घेऊ. दसऱ्याला एक बार तर काढू." दुसरा म्हणतो, "कशाला पैसे घालता त्यात? नळी गेली, दस्ता उकललाय. बोल्ट, स्प्रिंगा, कामाचं तेवढं काढा आणि बाकीचं भंगारात द्या." चहा येतो, आवाज चढतात, आणि शेवटी घरात ज्याचं चालतं त्याचं खरं होतं.

हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक आहेत, असं मला कधीच वाटलं नाही. दोघंही त्या बंदुकीला एकच प्रश्न विचारतात: वाजते का? एकाला ती पूर्ण वाजायला हवी आहे, दुसऱ्याला तिचे तुकडे दुसऱ्या बंदुकीत बसून वाजायला हवे आहेत. ती कुठली, कुणाकडून आली, कशानं मोडली, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही. आणि हे अडाणीपणातून होतं असंही नाही. शिकलेली, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी, गडकिल्ल्यांवर तावातावानं बोलणारी मंडळी यात पुढे असतात. म्हणून हा लेख.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं म्हणतील. त्यांचे मुद्दे असे. बंदूक हे हत्यार आहे, हत्यार चाललं पाहिजे, न चालणारं हत्यार म्हणजे लोखंड. पूर्वजांनी वापरलेली वस्तू पुन्हा चालती करणं हाच त्यांचा मान. चालती होणार नसेल तर चांगले भाग गंजत ठेवणं हा करंटेपणा. शिवाय डोंगरकडेच्या रानात डुकरं शेत उकरतात, तेव्हा घरात बंदूक असलेली बरी. आणि शेवटचा, हळू आवाजात सांगितला जाणारा मुद्दा: सरकारला कळवलं तर जप्त होईल, म्हणून घरातल्या घरात काय ते उरका.

ऐकायला सगळं व्यवहारी वाटतं. आता एकेक बघू.

पहिला मुद्दा, न चालणारी बंदूक म्हणजे बिघडलेली बंदूक. हे कुणी ठरवलं? ब्रिटिश अमलात कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात .303 रायफलींच्या नळ्या आतून कोरून मोठ्या केल्या जात. नळीतल्या पिळाच्या खाचा, ज्यांच्यामुळे गोळी गरगरत लांबवर सरळ जाते, त्या पार काढून टाकत आणि आतून गुळगुळीत .410 बोअरची मस्केट तयार करत. मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवत, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येई. ही हत्यारं पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली जात. हेतू उघड होता. हत्यार उद्या बंडखोरांच्या हाती गेलंच, तर त्यात लष्कराचं काडतूस चालता कामा नये आणि त्याचा पल्लाही तोकडा असावा. 1857 नंतर देशी शिपायांना पिळाच्या खाचा नसलेल्या एनफिल्ड देण्यात आल्या, त्यामागेही हाच अविश्वास होता. 1878 च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याच्या दोरीनं बांधलं आणि गोऱ्या माणसाला मोकळं सोडलं, त्यामागेही हाच.

आता अशी एखादी मस्केट उंब्रजच्या माडीवर निघाली असं धरा. आमचा जाणकार नळीत बॅटरी मारून बघणार आणि निकाल देणार, "आतले आटे झिजलेत, नळी बाद." झिजलेत? अहो, ते सरकारनं हुकमानं काढलेत! ज्याला तुम्ही बिघाड म्हणता तो साम्राज्याच्या भीतीचा सही-शिक्क्यानिशी कागद आहे. दुरुस्तीवाला तिथं नवी नळी बसवून तो कागद फाडणार आणि सुट्या भागांवाला नळी भंगारात घालून तो जाळणार. दोघांत फरक करायचा तो कशाच्या जोरावर?

ही एकच गोष्ट नाही. काही जुन्या एनफिल्ड रायफलींच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, गावच्या सुताराचा जुगाड असावा, लाकूड फुटलं म्हणून तार मारली. हात शिवशिवतात आणि पहिलं काम म्हणून ती तार उलगडली जाते. मुळात त्या रायफली तोंडाला कप लावून हातबॉम्ब फेकण्यासाठी नेमलेल्या असत. त्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून कारखान्यानंच ती तार गुंडाळलेली असते. काही रायफलींवर 'डी.पी.' अशी अक्षरं ठोकलेली असतात. त्या कवायतीसाठी मुद्दाम निकामी केलेल्या. कुठे भोक पाडलेलं, कुठे फायरिंग पिन काढलेली. तिलाही आमचा हौशी कारागीर 'बिघडलेली' ठरवणार आणि भोक वेल्डिंगनं बुजवणार. ती रायफल ज्यांनी निकामी केली त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की पुढे कुणीतरी त्यांचं शहाणपण दुरुस्त करायला निघेल!

इथे आपल्या सातारा जिल्ह्यापुरतं एक सांगतो. ब्रिटिश अमलात आजच्या सांगलीचा मोठा भागही साताऱ्यातच होता. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं ब्रिटिशांविरुद्धचं भूमिगत प्रतिसरकार, लोकांच्या तोंडचं पत्रीसरकार, या मुलखात वावरलं. कऱ्हाड तालुक्यातल्या शेणोलीला 7 जून 1943 रोजी रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला गेला. त्या काळाची आठवण या भागात घरोघर आहे, आणि म्हणूनच मोडकी बंदूक निघाली की "ही पत्रीसरकारातली" असं कुणीतरी म्हणतंच. असेल. नसेलही. पण ठरवायचं कसं? समजा ती खरोखर पोलिसांकडून हिसकावलेली असेल, तर तिच्यावर सरकारी मालकीचा बाण असेल, बनावटीचं साल असेल, भागांवर क्रमांक असतील, आणि नळी मस्केटची असेल तर आतून गुळगुळीत असेल. तुमच्या आजोबांच्या गोष्टीला दुजोरा देणारी एवढी एकच वस्तू जगात उरलेली असू शकते. आणि तुम्ही काय करणार? ती लेथवर चढवणार, बफिंगच्या चाकाला लावणार, शिक्के घासून आरशासारखे लखलखीत करणार, आणि मग पाहुण्यांना सांगणार, "आमच्या आजोबांची." पंचनामा व्हायच्या आत जागेवर झाडू मारणारा घरमालक आणि तुम्ही, यांत डावं-उजवं काय?

गंजाचंही तसंच. जुन्या काडतुसांच्या केपमध्ये क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत राही, ते हवेतली ओल धरी आणि पोलाद खाई. म्हणून शिपाई रायफल चालवल्यावर नळीत उकळतं पाणी ओतून ती धूत आणि मग तेल लावत. आता एखादी नळी बाहेरून जपलेली आणि आतून खड्ड्याखड्ड्यांची असेल, तर ती चालवली गेली, पण धुवायला कुणाला सवड मिळाली नाही, अशी शक्यता निघते. भूमिगतांच्या मुलखात ही शक्यता साधी नाही. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी तारेच्या ब्रशनं ती खरवडून काढली.

दुसरा मुद्दा, चालती करणं हाच पूर्वजांचा मान. हा सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत पोकळ. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात पडले. त्यांची आठवण गावानं राखली ती नावाच्या आणि फलकाच्या आधारानं. त्यासाठी कुणाला बार काढावा लागला नाही. आणि "आजोबांनी फौजेतून आणली" हे सांगणाऱ्यांनी एखाद्या माजी सैनिकाला विचारून बघावं. रायफल पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रकोठारात, जमा होते, जवान घरी आणतो ती ट्रंक. मग ही घरात आली कशी? हा प्रश्न अवघड आहे, कदाचित अडचणीचाही आहे, म्हणूनच तो विचारला जात नाही. आजोबांविषयी जाणून घेणं नको, आजोबांच्या नावानं आवाज काढणं हवं. याला मान म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मानाची आमची एकूण रीतच पाहा. खंडेनवमीला तिच्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि तसंच ओलं वर्षभर फळीवर टाकायचं. किल्ल्यावर तोफ निघाली की तिला काळा ऑइलपेंट फासायचा, सिमेंटच्या गाड्यावर बसवायची, वर झेंडा लावायचा. तिच्या अंगावरचा लेख कुणी वाचला का, ठसा कुणी घेतला का, हे विचारणारा रसिकतेला विटाळ करणारा ठरतो. जुनं ते नव्यासारखं दिसलं की आम्हाला जतन झाल्यासारखं वाटतं.

आणि शेवटी, ती चालेल तरी का? ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली. तिच्यात आजच्या काडतुसातली दारू भरली तर दाब नळीला झेपत नाही, ती हातात फुटते. जुन्या बाराबोअरच्या कोठीची लांबी आखूड असू शकते, तिच्यात लांब काडतूस शिरतं, पण उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. वरून वेल्डिंग छान दिसतं, आतलं पोलाद तापून मऊ पडलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. पूर्वजांचा मान राखताना वारसाचा डोळा किंवा अंगठा गेला तर त्याला काय म्हणायचं?

तिसरा मुद्दा सुट्या भागांचा. इथे आमचे व्यवहारी मित्र फार खुशीत असतात, कारण त्यांना वाटतं की आपण भावनेच्या आहारी गेलेलो नाही. ठीक, व्यवहारच बोलू. बोल्ट रायफलीचा बोल्ट हा गाडीचा स्पार्क प्लग नव्हे, एका ठिकाणचा काढला आणि दुसरीकडे बसवला. तो त्या त्या रायफलीच्या कोठीला मापून बसवलेला असतो, म्हणून तर बोल्टवर आणि रायफलीवर एकच क्रमांक ठोकतात. परका बोल्ट घातला आणि काडतुसामागे फट जास्त राहिली, तर कवच फाटून तप्त वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणजे एक बंदूक मोडून तुम्ही दुसरी धोक्याची केलीत. छान व्यवहार झाला.

त्यात कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या त्याच्या भागांनाही कवेत घेते. कलम 45 मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण अट अशी की ते जोडीच्या इतर भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसावा. आणि आमच्या सुट्या भागांवाल्याचा हेतू तर नेमका तोच असतो! "कुठंतरी बसेल" हे त्याचं लाडकं वाक्य त्याच्या एकमेव सुटकेचं दार बंद करतं. भंगारवाल्याकडे नळी तोलून देणारा तर आणखी धन्य. त्या नळीचं पुढे काय झालं हे तो कधीच सांगू शकणार नाही, पण विचारायला येणारे त्याच्याकडेच येणार.

दुरुस्तीवाल्यानंही हसू नये. त्याच कलमात म्हटलं आहे की कालबाह्य, पुरातन मोलाचं किंवा मोडकं असं जे हत्यार दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे "थोडकं काम आहे, चालू होईल" असं जो ओट्यावर बसून छाती फुगवून सांगतो, तो आपल्याच तोंडानं ती बंदूक कायद्याच्या कक्षेत आणून ठेवतो. आणि शस्त्र दुरुस्त करायला परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्तीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांचा कारावास आहे, तो जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो. गावातल्या वेल्डिंगवाल्या पोराला दोनशे रुपये देऊन तुम्ही कशात गोवता आहात, याची कल्पना आहे का? .303 सारखं लष्करी बोअर तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नेहमीच्या परवान्यावर ठेवताच येत नाही. ते चालू करून तुम्ही नेमकं काय मिळवणार?

चौथा मुद्दा, डुकरांचा. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्यावर थट्टा करायचं कारण नाही. तारळे-चाफळ पट्ट्यात रात्रभर राखण करणाऱ्याला विचारा. पण त्याच्या अडचणीच्या आड हौस लपवू नका. पीक संरक्षणासाठी शस्त्र परवाना मागायची रीत आहे, आणि डुकराच्या बाबतीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ज्याला खरी गरज आहे तो चांगल्या नळीची, तपासलेली, परवान्यावरची बंदूक मागेल. ऐंशी वर्षांची गंजकी नळी घेऊन अंधारात जखमी डुकरासमोर उभं राहायचा सल्ला त्याला देणारा माणूस त्याचा हितचिंतक कसा?

परवान्यावरची, चालू वापरातली बाराबोअर असेल आणि तिची स्प्रिंग तुटली असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडून जरूर नीट करून घ्यावी. त्यावर वाद नाही. पण ती देखभाल झाली. माडीवर सापडलेल्या, मालक विसरलेल्या, गोष्ट हरवलेल्या बंदुकीला तो न्याय लावणं ही लबाडी आहे.

आता शेवटचा मुद्दा, जप्तीची भीती. सरकारी कचेऱ्यांचा अनुभव सगळ्यांनाच आहे, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नाही. पण घरात लपवून ठेवणं हा तिच्यावरचा उपाय कसा झाला? परवानाधारक वारला की वारसानं विनाविलंब शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, हे कायद्यातच आहे. जमा करण्यात हक्क सुटतो असं नाही. वारशाच्या शस्त्राचा परवाना मागण्याची वाट त्याच कायद्यात आहे. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची निघाली, तर 1972 चा पुरावशेष कायदाही तिच्या बाजूनं उभा राहू शकतो. लपवलेल्या बंदुकीला यातलं काहीच मिळत नाही. तिला मिळतो तो फक्त गंज, आणि एक दिवस पोलिसांचा छापा. ज्या भीतीनं लपवली तीच मग खरी होते.

मग करायचं काय, असं विचारतील. आधी हे की काही करू नका. तिला भरलेली समजा, तोंड कुणाकडे करू नका, चाप ओढून बघू नका. जिथे सापडली तिथेच, तशीच ठेवून फोटो काढा. क्रमांक, शिक्के, साल, अक्षरं जशी दिसतात तशी लिहून घ्या. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बसवा आणि तिच्याविषयी जे आठवतं ते त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या, तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या. मग उंब्रज पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे तज्ज्ञाकडून ती काय आहे हे ठरलं, की निकामी अवस्थेत घरी ठेवायची की संग्रहालयाला द्यायची ते ठरवा. यात खर्च जवळजवळ शून्य आहे. कदाचित म्हणूनच हे कुणाला करावंसं वाटत नाही. ज्यात कारागीर नाही, लेथ नाही, बार नाही, त्यात पुरुषार्थ कुठला?

लिहून ठेवण्यात काय असतं हे बघायचं तर साताऱ्याच्या संग्रहालयाकडे बघा. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तिथे प्रदर्शनासाठी आली. ती बघायला लोक लोटले आणि ती खरीच का, यावर वादही झाला. ती शिवाजी महाराजांचीच होती याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनच्या संग्रहालयाचं म्हणणं आहे. पण हा वाद घालता तरी का आला? त्यांच्यासोबतच्या डबीवर, ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला कुणी दिली, ते लिहिलेलं होतं म्हणून. दावा लिहिला गेला, म्हणून दोनशे वर्षांनी तो तपासता आला, खोडता आला, मांडता आला. एका परदेशी साहेबाच्या घराण्याला जे सुचलं, ते इतिहासाचा अभिमान रोज मोबाईलवर मिरवणाऱ्या आम्हाला सुचू नये?

तेव्हा दोन्ही पक्षांना एकच सांगणं. बंदूक दुरुस्त करू नका आणि तिचे भागही काढू नका. तिची नळी गुळगुळीत असेल तर गुळगुळीत राहू द्या, दस्ता फुटलेला असेल तर फुटलेला राहू द्या, तार असेल तर तार राहू द्या. तिला चालती करायचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिलेला नाही, आणि ती मोडून खायचा हक्क इतिहासानं दिलेला नाही. ज्या मुलखात लोकांनी जीव धोक्यात घालून सरकारची हत्यारं हिसकावली, त्या मुलखात नातवांना साधी चार ओळींची नोंद करायची हिंमत होत नसेल, तर दसऱ्याचा तो बार कुणाच्या पराक्रमाचा? वाजवायची इतकीच हौस असेल तर फटाके स्वस्त आहेत. या बंदुकीला हात लावायच्या आधी कागद-पेन घ्या.